दार्जिलिंगचा चहा आणि पाठीवरची टोपली

आमच्या घरात दार्जिलिंगचा चहा पहिल्यांदा आला तो मावशीबरोबर. मावशी आणि काका मे महिन्याच्या सुटीत कलकत्ता, दार्जिलिंग, गंगटोक असा मोठा दौरा करून आले होते. येताना मावशीने प्रत्येकासाठी काही ना काही आणले. कुणाला लोकरीची टोपी मिळाली, कुणाला शंखाचे कंकण मिळाले, आणि आमच्या वाट्याला एक लहानसा पत्र्याचा डबा आला. डब्यावर बर्फाचा डोंगर, धूर सोडणारी छोटी आगगाडी आणि पाठीवर टोपली घेतलेली एक हसरी बाई अशी चित्रे होती.

"जपून वापर हो," मावशी आईला म्हणाली. "फार महाग आहे. आम्ही दोघं दुकानात दहा मिनिटं नुसता वास घेत उभे होतो."

आईने जपून म्हणजे अगदी बेताने एक चमचा पत्ती काढली. मग पातेल्यात पाणी, त्यात किसलेले आले, गवती चहाच्या दोन पाती आणि साखर घालून तो मौल्यवान चहा तिने चांगला रटरटून उकळला. वर दूध घालून पुन्हा दोन उकळ्या आणल्या. वडिलांनी बशीत ओतून एक भुरका मारला, बशी खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारले, "अहो, यात चहा घालायचा राहिला का?"

झाले! दार्जिलिंगच्या चहाचा आमच्या घरातील निकाल तिथेच लागला. पत्ती यथावकाश संपली की फेकली गेली ते आता आठवत नाही. डबा मात्र राहिला. त्यात आईच्या सुया, दोरे आणि बटणे आजतागायत सुखाने नांदत आहेत.

पुष्कळ वर्षांनी दार्जिलिंगच्या एका मळ्यातील चहाचा कारखाना पाहण्याचा योग आला, तेव्हा मी तिथल्या एका वयस्क गृहस्थांना ही हकीगत सांगितली. मला वाटले, ते हसतील. ते हसले नाहीत. "किती वेळ उकळलात?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "असेल सहा-सात मिनिटं." गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. एखाद्या गवयाला, तुमच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची आम्ही भाजी केली, असे सांगितल्यावर त्याची जी मुद्रा होईल तीच त्यांची झाली होती.

यात आईचा दोष नव्हता. आपण महाराष्ट्रात घरोघरी जो चहा पितो तो बहुतेक आसामचा, किंवा बंगालच्या उत्तरेकडील दुआरचा. त्याचे झुडूप वेगळ्या वाणाचे, पान मोठे, आणि ते यंत्रात घालून चिरडून, फाडून, त्याच्या बारीक गोळ्या वळलेल्या असतात. ही यंत्रे आसामात १९३० च्या सुमारास निघाली. हा चहा रंगाला गडद आणि चवीला कडक. दूध, साखर, आले, वेलची असे कितीही पाहुणे घरात आले तरी तो आपली जागा सोडत नाही. दार्जिलिंगच्या चहाचे पान लहान, नाजूक. ते फाडत नाहीत, अलगद वळतात. त्याचे सारे वैभव वासात. उकळीबरोबर वास गेला आणि वर दूध पडले की मागे उरते ते वडिलांनी म्हटले तेच.

आता हा वास येतो कुठून, हे पाहण्यासाठी डोंगर चढला पाहिजे.

सिलिगुडीपर्यंत सगळा सपाट प्रदेश. तिथून पुढे रस्ता एकदम वर उचलला जातो. त्या रस्त्याच्या अंगाखांद्यावरून, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला उड्या मारीत, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती प्रसिद्ध आगगाडी जाते. १८८१ साली ती दार्जिलिंगपर्यंत पोहोचली, आणि १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. 'आराधना' पाहिलेल्या पिढीला तिच्याविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही! घूम हे तिचे सर्वांत उंच स्थानक ७,४०७ फुटांवर आहे. तिथून गाडी थोडी खाली उतरते आणि दार्जिलिंग येते. आकाश मोकळे असेल तर समोर कांचनजंगा दिसते. नसेल तर शेजारच्या माणसाचे नाकही दिसत नाही. मी होतो त्या चार दिवसांत कांचनजंगेने एकूण वीस मिनिटे दर्शन दिले.

हे धुके पर्यटकाला शाप वाटते, पण चहाला ते वरदान आहे. मळे डोंगराच्या उतारावर, साधारण दोन हजार फुटांपासून साडेसहा हजार फुटांपर्यंत पसरलेले आहेत. काही उतार इतके उभे की आपल्याकडचा शेतकरी तिथे शेळीसुद्धा जपून सोडील. पाऊस भरपूर, पण पाणी मुळाशी साचत नाही. रात्री गार आणि ऊन धुक्यातून गाळून येणारे, त्यामुळे झुडूप सावकाश वाढते. सखल प्रदेशातल्या झुडपाच्या मानाने इथे पान कमी निघते. पण जे निघते त्यात सुगंधाचा अर्क साठलेला असतो.

हे झुडूप इथले मूळचे नव्हे. दार्जिलिंगचा डोंगर १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सिक्कीमच्या राजाकडून मिळविला तो आजारी गोऱ्या सोजिरांना हवापालट करण्यासाठी. तिथे काठमांडूहून डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्बेल हा अधिकारी नेमण्यात आला. हा गृहस्थ मोठा खटपट्या. १८४१ साली त्याने आपल्या बंगल्याच्या आवारात चहाचे चिनी वाणाचे बी पेरून पाहिले. ते कुमाऊँकडून आणले होते असे म्हणतात. झाडे जगली. पुढे १८४८ साली कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला चीनमध्ये पाठविले. त्याने डोके भादरून मागे शेंडी सोडली, चिनी वेष चढविला आणि परक्यांना मज्जाव असलेल्या प्रदेशात शिरून हजारो रोपे, बियाणे आणि चहा करणारे कारागीर हिंदुस्थानात आणले. चोरीच ती! पण कंपनी सरकारची असल्यामुळे तिला वनस्पतिशास्त्र म्हटले गेले.

१८५६ पासून धंद्यासाठी मळे निघू लागले. १८६६ साली ३९ मळे होते, ते १८७४ साली ११३ झाले. माणसांची वाढ त्याहून नवलाची. १८३९ साली या टापूत जेमतेम शंभर माणसे होती, दहा वर्षांत ती दहा हजार झाली, असे कॅम्बेलने नोंदवून ठेवले आहे. मुळचे लेपचा लोक थोडे. बाकीचे आले ते पूर्व नेपाळातून. राई, लिंबू, तामांग, मगर, गुरुंग असे नाना जातींचे लोक मुकादमांच्या बोलावण्यावरून चालत आले. जंगल त्यांनी तोडले, उतारावर पायऱ्या त्यांनी खोदल्या आणि रोपेही त्यांनीच लावली. आज मळ्यांत काम करणारी माणसे ही त्यांची पाचवी-सहावी पिढी. मळ्याला ते लोक 'कमान' म्हणतात. "आमचा आजा याच कमानीत जन्मला," असे कुणी म्हणाले की आपण मराठी माणसे क्षणभर बुचकळ्यात पडतो.

चहाचे झुडूप मोकळे सोडले तर त्याचा चांगला वृक्ष होतो. त्याला छाटून छाटून कमरेएवढे ठेवतात, म्हणजे हाताला कोवळे पान लागते. हिवाळ्यात ते झोपी जाते. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये एखादी सर पडली की नवी पालवी फुटते. त्या पालवीचा चहा तो पहिल्या बहराचा. कपात त्याचा रंग फिकट सोनेरी, आणि वास ताज्या फुलांचा व ओल्या गवताचा. जर्मन आणि जपानी गिऱ्हाईक याच्यासाठी जीव टाकते. पावसाळ्यात पान भराभर येते, पण चहा साधा होतो. पाऊस गेल्यावर, साधारण दिवाळीच्या सुमारास, शरदाचा बहर येतो. तो तांबूस आणि सौम्य असतो. पण जाणकार ज्याच्यासाठी नाव काढतात तो दुसरा बहर, मे-जूनचा. त्याला पिकलेल्या मस्कत द्राक्षांचा वास येतो.

या वासामागची कथा मोठी गमतीची आहे. आपल्या विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला तुडतुडे आणि फुलकिडे ही नावे उच्चारून दाखवा, तो लगेच फवारणीचा पंप काढील. हेच त्यांचे भाईबंद मे महिन्यात दार्जिलिंगच्या झुडपांवर येतात आणि कोवळ्या पानांतला रस शोषतात. पान आकसते, कडेने पिवळे-तपकिरी पडते. पण मार खाल्लेले झुडूप स्वस्थ बसत नाही. ते स्वसंरक्षणासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करू लागते, आणि हीच द्रव्ये पुढे चहात द्राक्षाचा वास होऊन उतरतात. तेव्हा कीड फार झाली तर पीक जाते, आणि मुळीच नसली तर वास जातो! "आमचे शेतकी अधिकारी आणि आमचे तुडतुडे, दोघांनाही सांभाळावं लागतं," असे त्या वयस्क गृहस्थांनी सांगितले, तेव्हा मात्र ते हसले.

तोडणी पाहायची तर सकाळी लवकर जावे लागते. मी गेलो तेव्हा उतारावर बायकांची रांग लागली होती. पाठीवर वेताबांबूची टोपली, म्हणजे 'डोको'. तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, तो 'नाम्लो'. सगळे ओझे मानेवर आणि कपाळावर पेललेले, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. एक कळी आणि तिच्या खालची दोन पाने, एवढेच तोडायचे. कळी सुईसारखी टोकदार, म्हणून तिला 'सुइरो' म्हणतात. नखाने खुडायचे नाही, पान दुखावते. बोटांच्या पेरांत धरून हलकेच मोडायचे. मूठ भरली की हात खांद्यावरून मागे जातो आणि पाने टोपलीत पडतात, मागे न बघता. बोटे चालू, गप्पाही चालू.

मी एका दिदीला विचारून दोन-चार शेंडे खुडून पाहिले. तिने ते हातात घेतले, उलटेपालटे केले आणि त्यांतला एकच टोपलीत टाकला. बाकीचे खाली टाकले. तिसरे पान आले होते म्हणे.

आता हिशेब पाहा. एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो ओले पान लागते, म्हणजे असे सुमारे वीस हजार शेंडे. प्रत्येक शेंडा वेगळा पाहून, वेगळा निवडून, वेगळा मोडलेला. आसामातील सपाट मळ्यांवर आता यंत्राने तोडणी होऊ लागली आहे. इथल्या उतारावर यंत्र उभे कुठे करणार? आणि केले तरी त्याला तिसरे पान कोण दाखविणार?

दुपारी पाने कारखान्यात जातात. लांबच लांब जाळीच्या हौदांत ती पसरतात आणि खालून वारा सोडतात. रात्रभर, चौदा ते अठरा तास, पाने कोमेजतात आणि अंगातले निम्म्याहून अधिक पाणी टाकून मऊ होतात. माजघरात आंब्याची अढी घातली की जसा वास भरून राहतो, तसा त्या माळ्यावर एक हिरवा गोडसर वास भरलेला असतो. पहाटे ती पाने यंत्राच्या पितळी तबकात गोल गोल मळतात. पानाला पीळ पडतो, आतला रस बाहेर येतो आणि हवेशी त्याचा संयोग होतो. कापलेले सफरचंद तपकिरी होते ना, तीच क्रिया. कारखान्यात तिला आंबवणे म्हणतात, वस्तुतः आंबत काहीच नाही. ही क्रिया नेमकी केव्हा थांबवायची हे घड्याळ सांगू शकत नाही. एक अनुभवी माणूस दर थोड्या वेळाने वाकून पानांचा वास घेतो, आणि त्याचे नाक 'बस' म्हणाले की पाने गरम हवेच्या भट्टीत जातात. दहा मिनिटे इकडची तिकडे झाली की महिनाभराची मेहनत सामान्य चहात जमा होते. त्या नाकाला सर्दी झाली तर काय करता, असे मी विचारले. "सुटी देतो," असे उत्तर मिळाले.

नंतर चाळण्या आणि प्रतवारी. वरच्या प्रतीच्या चहावर एफ. टी. जी. एफ. ओ. पी. अशी लांबलचक पदवी छापतात. तिचा विस्तार 'फाइन टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको' असा आहे. यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काही संबंध नाही, आणि पेको हा मूळ चिनी शब्द कळीवरच्या पांढऱ्या लवीसाठी आहे. धंद्यातले चावट लोक मात्र या अक्षरांचा अर्थ 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा लावतात; सामान्य माणसाच्या योग्यतेबाहेरचा!

परीक्षा कशी घेतात तेही पाहिले. पांढऱ्या शुभ्र चिनी मातीच्या भांड्यांची ओळ, प्रत्येकात अडीच-एक ग्रॅम पत्ती, वर उकळते पाणी आणि झाकण. काही मिनिटांनी गाळलेला चहा चमच्यात घेऊन परीक्षक जो काही भुरका मारतो तो दहा पावलांवर ऐकू येतो! चहा हवेबरोबर जिभेवर आणि नाकापर्यंत उडाला पाहिजे, त्यासाठी हा आवाज. वडिलांच्या बशीतल्या भुरक्यावर आम्ही मुलांनी जन्मभर नाके मुरडली. कलकत्त्याच्या लिलावघरात तेवढ्याच भुरक्यावर चहाचे भाव ठरतात. तिथला पहिला लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला. लिलावाच्या इमारतीचे नाव 'नीलहाट', म्हणजे नीळबाजार. नीळ केव्हाच गेली, नाव राहिले.

दार्जिलिंगच्या मळ्यांची नावेही मोठी मजेदार आहेत. मकाईबारी म्हणजे मक्याचे शेत. हॅपी व्हॅली, कॅसलटन, जंगपना, गुमटी अशी देशी-विलायती सरमिसळ. त्यांत एक नाव सर्वांच्या तोंडी असते, 'मार्गारेट्स होप'. त्याची अशी कथा सांगतात की, मळ्याच्या साहेबाची मार्गारेट नावाची मुलगी विलायतेहून आली, या डोंगरांवर लुब्ध झाली, पुन्हा येईन असे सांगून बोटीवर चढली आणि वाटेतच आजाराने गेली. बापाने मळ्याला तिच्या आशेचे नाव दिले. कथा खरी असो वा नसो, चहाबरोबर ती हमखास ऐकायला मिळते.

त्याच मळ्याची दुसरी कथा मात्र चहाबरोबर कुणी सांगत नाही, आणि ती इतिहासात नोंदलेली आहे. २५ जून १९५५ रोजी, स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे होत आली असताना, मळ्यांतील मजुरांनी मजुरीवाढ आणि इतर मागण्यांसाठी मोर्चा काढला. त्यांतली एक मागणी 'हट्टाबाहर' बंद करा, अशी होती. हट्टाबाहर म्हणजे, साहेबाची मर्जी फिरली की मजुराला बायकामुलांसकट मळ्याच्या हद्दीबाहेर हाकलायचे. घर मळ्याचे, जमीन मळ्याची. मजुराचे असे काय होते? मार्गारेट्स होपपाशी पोलिसांनी गोळीबार केला. सहा माणसे मेली, त्यांत बायकाही होत्या. पहाडातले लोक दरवर्षी २५ जूनला त्यांची आठवण करतात.

हट्टाबाहर गेले. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने घर, दवाखाना आणि पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण घराखालच्या जमिनीचा प्रश्न राहिला तो राहिलाच. मळ्याची जमीन सरकारची, मालकाकडे ती भाडेपट्ट्याने, आणि मजूर पाच पिढ्या जिथे राहतो ते घर नोकरीबरोबर मिळालेले. म्हणून घरातल्या एकाचे तरी नाव मळ्याच्या पटावर राहावे लागते. सासू निवृत्त झाली की सून टोपली उचलते. त्या दिदीला मी विचारले, हे काम कुणाकडून शिकलात? ती म्हणाली, सासूकडून, आणि सासूचे नाव अजून तिच्या हजेरीपत्रकात आहे असे वाटते.

२०२३ साली पश्चिम बंगाल सरकारने मळ्यांतील मजुरांना घरासाठी पाच डेसिमल जमिनीचा पट्टा देण्याचे ठरविले. पाच डेसिमल म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर दोन गुंठे. पहाडात त्याचा आनंद व्हावा तर उलट नाराजीच झाली. कारण कित्येकांच्या घरामागे भाजीचा वाफा, गाईचा गोठा, वेलदोड्याची चार झुडपे अशी याहून जास्त जमीन पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत आहे. ज्यांच्या आजाने डोंगर फोडला त्यांना दोन गुंठे, हा त्यांचा सवाल. त्याच साली मजुरी ठरली ती दिवसाला २५० रुपये. दुकानात शंभर ग्रॅम चांगल्या दार्जिलिंग चहाला याहून अधिक पडतात.

तेव्हा तरुण मुले-मुली मळ्यात राहत नाहीत यात नवल ते काय? बंगलोर, दिल्ली, मुंबई येथील उपाहारगृहांत आणि दुकानांत या पहाडातली किती तरी मुले आपण पाहतो. मळ्यांत गैरहजेरी वाढली आहे. झुडपेही म्हातारी झाली आहेत. पुष्कळ ठिकाणी ती इंग्रजांनी लावलेलीच आहेत, शंभर वर्षांच्या पुढची. नवे रोप लावून त्याचे पान हाती येईपर्यंत वर्षे जातात, तेवढा धीर आणि भांडवल थोड्यांपाशीच. हवाही पूर्वीची राहिली नाही. मार्चमध्ये हवी ती सर येत नाही, आणि येतो तेव्हा पाऊस कोसळतो. १९६८ च्या ऑक्टोबरातल्या दरडी जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात मिरिकच्या बाजूला पुन्हा डोंगर खचून वीसाहून अधिक माणसे दगावली.

सर्वांत मोठा तडाखा २०१७ साली बसला. स्वतंत्र गोरखालँडच्या मागणीसाठी जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहाड १०४ दिवस बंद होता. नेमका दुसऱ्या बहराचा हंगाम. झुडपांवर पान तसेच वाढत राहिले, मळ्यांचे रान झाले. आदल्या वर्षी ८० लाख किलोंच्या वर निघालेला चहा त्या वर्षी सुमारे ३२ लाख किलोंवर आला. परदेशचे गिऱ्हाईक थांबते थोडेच? ते पलीकडच्या नेपाळात, इलामला गेले. तोच डोंगर, तेच धुके, झुडपे तरुण आणि भाव कमी. गेलेले सगळे परत आले नाही.

एके काळी दार्जिलिंगचा चहा वर्षाला एक कोटी किलोंच्या वर निघे. २०२४ साली तो साठ लाखांच्याही खाली गेला. कागदोपत्री ८७ मळे, त्यांतले काही बंद. साऱ्या देशाचा चहा त्या साली सव्वाशे कोटी किलोंच्या वर होता, म्हणजे शेकड्यात अर्धासुद्धा वाटा दार्जिलिंगचा नाही. आणि मौज अशी की, निघतो त्याच्या कित्येक पट चहा या नावाने जगात विकला जातो, असे व्यापारातले लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. म्हणूनच २००४ साली भौगोलिक निर्देशनाची सनद देशात सर्वप्रथम मिळाली ती याच चहाला. आता अस्सल पुड्यावर टी बोर्डाची खूण असते. तीत एका बाईचा बाजूने दिसणारा चेहरा आणि हातात चहाचे पान आहे. घेताना ती पाहून घ्यावी.

आणि घेतलाच तर कृपा करून उकळू नये. पाणी उकळून खाली उतरवावे, अर्धा मिनिट थांबावे. किटलीत माणशी एक लहान चमचा पत्ती घालून वर पाणी ओतावे, झाकावे आणि तीन मिनिटे लुडबूड न करता बसावे. मग गाळावे. दूध नको, साखरही पहिल्या घोटाला नको. आले-वेलची आपल्या नेहमीच्या चहासाठी राखून ठेवावी. अमृततुल्यच्या चहाचा मी भक्त आहे, त्याचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. पण पुरणपोळीच्या मापाने कुणी चांदीवड्याची पारख करू नये.

दार्जिलिंगहून मी शंभर ग्रॅम पत्ती आणली आणि आईला या पद्धतीने कप करून दिला. वडील आता नाहीत. आईने कप नाकाशी धरला, बराच वेळ धरला. "वास खरंच सुरेख आहे रे," ती म्हणाली. एक घोट घेतला, आणखी एक घेतला. मग म्हणाली, "पण याला चहा कशाला म्हणायचं? दुसरं काही तरी नाव ठेवा." तरी कप तिने संपविला.

मग तिने सुयांचा तो जुना डबा मागितला. चष्मा लावून त्यावरच्या टोपलीवाल्या बाईकडे पाहिले आणि विचारले, "हिला किती मिळतात दिवसाचे?"

मी आकडा सांगितला.

"आणि घर स्वतःचं?"

"नाही."

आईने डब्यावरची धूळ पदराने पुसली. "मग एवढी हसते कशाला ती?" असे म्हणून तिने डबा उघडला आणि माझ्या शर्टाच्या बटणासाठी पांढरा दोरा शोधू लागली.